भाडेकरू सिंहांचा मोसम

म्युनिकचा फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे एकच नाव निघतं. बायर्नची लाल जर्सी पुण्या-मुंबईच्या मैदानांवर सर्रास दिसते. मध्यंतरी राज्य सरकारनेही या क्लबशी हातमिळवणी करून शाळकरी मुलांची स्पर्धा भरवली. पण त्याच म्युनिकमध्ये इझार नदीपलीकडे गीसिंग नावाची जुनी कामगारवस्ती आहे आणि तिथे ‘बायर्न’ हा शब्द फारसा प्रेमाने उच्चारला जात नाही. तिथल्यांचा क्लब वेगळा. टीएसव्ही १८६०. चाहते नुसतं ‘झेख्त्सिग’ म्हणतात, म्हणजे ‘साठ’. अंगावर आकाशी-पांढरा रंग, छातीवर सिंह.

या सिंहांचा २०१६-१७ चा मोसम जर्मन फुटबॉलमधल्या सगळ्यात विचित्र मोसमांपैकी एक. दुसऱ्या विभागातल्या अठरा संघांत साठ सोळावा आला. सोळावा म्हणजे वाईट, पण जगबुडी नव्हे. तरीही त्यानंतर बारा दिवसांत हा क्लब एक नाही, दोन पायऱ्या खाली गेला. आपल्याला आयपीएलची सवय. तिथे तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी नवा लिलाव करून पुन्हा त्याच पंगतीत बसतो. जर्मनीत तसं नाही. तिथे पंगतीतून उठवतात.

या क्लबला हिणवण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. १९६३ मध्ये बुंडेसलीगा सुरू झाली तेव्हा पहिल्या सोळा संघांत म्युनिकचा एकच संघ होता आणि तो साठ होता. बायर्नला दारातच थांबवलं गेलं. ते दोन वर्षांनी आत आले. १९६५ मध्ये साठने युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात, वेम्बलीवर, वेस्ट हॅमशी झुंज दिली आणि ०-२ ने हरले. १९६६ मध्ये ते जर्मनीचे विजेते झाले. त्यानंतर मात्र धाकट्याने बंगला बांधला आणि थोरल्याच्या घराला गळती लागली, अशातली गत झाली. १९८२ मध्ये कर्जापायी दुसऱ्या विभागाचा परवानाच रद्द झाला आणि साठ थेट तिसऱ्या पातळीवर, हौशी खेळाडूंच्या लीगमध्ये गेला. २०१७ मध्ये जे घडलं त्याची रंगीत तालीम पस्तीस वर्षं आधीच होऊन गेली होती. ती कुणाच्या लक्षात राहिली नव्हती, एवढंच.

नव्वदीत पुन्हा बरे दिवस आले आणि त्या बऱ्या दिवसांतच घोडचूक झाली. अलियान्झ अरेना हे नवं स्टेडियम बायर्न आणि साठ यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत बांधलं. ते २००५ मध्ये उघडलं तेव्हा साठ एक वर्ष आधीच पहिल्या विभागातून खाली आला होता. एप्रिल २००६ मध्ये तिजोरी इतकी रिकामी झाली, की आपला निम्मा हिस्सा त्यांनी बायर्नलाच १ कोटी १० लाख युरोला विकला. त्या दिवसापासून साठ आपल्याच हाडवैऱ्याच्या घरात भाडेकरू झाला. चाळीतल्या माणसाला हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको. पंचाहत्तर हजारांचं स्टेडियम, दुसऱ्या विभागाचे सामने, अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या आणि भाडं मात्र पूर्ण इमारतीच्या तोऱ्यात. सामन्याच्या दिवशी बाहेरच्या भिंतींवर लालऐवजी निळे दिवे लागत, एवढाच काय तो मान.

२०११ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर असताना अबू धाबीहून एक देव पावला. हसन इस्माइक, जॉर्डनचा गुंतवणूकदार. सुमारे १ कोटी ८० लाख युरो देऊन त्याने फुटबॉल कंपनीचे ६० टक्के भाग घेतले. पण जर्मनीत ‘५० अधिक १’ नावाचा नियम आहे. पैसा कुणाचाही असो, मतांचं बहुमत सदस्यांच्या मूळ क्लबकडेच राहिलं पाहिजे. म्हणजे इस्माइककडे साठ टक्के भांडवल आणि मतं मात्र ४९ टक्के. पैसे एकाचे, सही दुसऱ्याची. असा संसार किती दिवस चालेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता खुद्द मोसमाकडे येतो. त्याआधीच्या दोन मोसमांत हा संघ कसाबसा तगला होता. २०१५ मध्ये तर विभागातली जागा टिकवण्यासाठीच्या, होल्स्टाइन कीलविरुद्धच्या पात्रता लढतीत, भरपाई वेळेत काय ब्युलोने गोल केला म्हणून वाचले. त्या मोसमात तीन प्रशिक्षक झाले होते, पुढच्या मोसमातही तीन. उन्हाळ्यात नेहमी एकच वाक्य ऐकू येई, आता शिस्तीने बांधणी करायची. २०१६ च्या उन्हाळ्यातही ते ऐकू आलं, पण या वेळी सोबत पैसाही होता. व्यवस्थापनात ब्रेमेनहून टोमास आइखिन आले, प्रशिक्षक म्हणून कोस्टा रुन्याइच. फ्रँकफुर्टहून श्टेफान आइग्नर घरी परतला. ब्राझीलहून रिबामार नावाचा तरुण आघाडीवीर आणला. आणि क्रोएशियाचा इवित्सा ओलिच. हा तोच ओलिच, ज्याने २०१० मध्ये बायर्नकडून ल्योंविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य लढतीत हॅटट्रिक केली होती. आता वय ३६.

कागदावर हा संघ पहिल्या पाचात यायला हरकत नव्हती. पण पहिल्याच सामन्यात फ्युर्थकडून ०-१. मग कधी विजय, कधी पराभव, कधी बरोबरी, अशी ती रखडगाडी सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये ओलिचवर जर्मन फुटबॉल संघटनेने दोन सामन्यांची बंदी आणि दंड लावला. दुसऱ्या विभागाच्या सामन्यांवर त्याने पैजा लावल्या होत्या. स्वतःच्या संघाच्या नव्हे, पण नियम म्हणजे नियम. नोव्हेंबरमध्ये रुन्याइचला नारळ दिला, पाठोपाठ आइखिनही गेले. उन्हाळ्यातली सगळी ‘बांधणी’ पाच महिन्यांत मोडीत निघाली. काही आठवडे डॅनिएल बिएरोफ्काने गाडा ओढला. हा साठचा जुना खेळाडू. आधीच्या मोसमात शेवटच्या काही सामन्यांत यानेच संघ वाचवला होता. राखीव संघ तो मन लावून घडवत होता. माझं स्पष्ट मत आहे, की त्या डिसेंबरमध्ये त्याच्याच हाती संघ ठेवला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण घरचा माणूस स्वस्त असतो आणि स्वस्त माणसावर विश्वास बसत नाही.

त्याऐवजी आले व्हितोर परेरा. पोर्तोला दोनदा पोर्तुगालचं विजेतेपद मिळवून देणारे, ग्रीसमध्ये ओलिम्पियाकोसचे विजेते प्रशिक्षक. दुसऱ्या विभागाच्या तळाशी घुटमळणाऱ्या संघाला एवढ्या मोठ्या नावाचा माणूस मिळतो, तेव्हा खरं तर घाबरायला हवं. पहिल्याच पत्रकार परिषदेत त्यांनी जाहीर केलं, की आपण शिखरावर जाणार. म्युनिकच्या वार्ताहरांना ते वाक्य पुढे वर्षभर पुरलं. हिवाळी शिबिर पोर्तुगालमध्ये झालं. जानेवारीत नवे परदेशी खेळाडू आले, पाठीमागे तिघांची फळी उभी करणारी नवी रचना आली. क्लबच्या कचेरीत जर्मनपेक्षा इंग्रजी जास्त ऐकू येऊ लागली. एप्रिलमध्ये लिव्हरपूलचे माजी मुख्याधिकारी इयन एअर कारभार बघायला आले. म्युनिकच्या पूर्वेला रीम भागात नवं स्टेडियम बांधायचं आणि सोबत खऱ्याखुऱ्या सिंहांसाठी प्राणिसंग्रहालय उभारायचं, अशीही एक योजना निघाली. संघ गुणतक्त्यात चौदाव्या-पंधराव्या जागेसाठी धडपडतोय आणि मालक सिंहांच्या पिंजऱ्याची आखणी करतोय, हे चित्र एखाद्या विनोदी लेखकाने रंगवलं असतं तर आपण त्याला अतिशयोक्तीबद्दल बोल लावला असता.

फेब्रुवारीत जर्मन चषकात लोटे नावाच्या छोट्या गावच्या तिसऱ्या विभागातल्या संघाने साठला २-० असं घरी पाठवलं. लोटेने त्या वर्षी ब्रेमेन आणि लेव्हरकुझेन यांनाही धूळ चारली होती, त्यामुळे लाज थोडी वाटून घेता आली. लीगमध्ये संघ वाईट खेळत होता, असं सरसकट म्हणता येत नाही. गोलरक्षक श्टेफान ओर्टेगा चांगला होता. राखीव संघातून वर आलेला विशीतला फ्लोरिआन नॉयहाउस चेंडू पायात आला की डोकं वर करून खेळत होता. पण संघ असा काही नव्हताच. चार वेगवेगळ्या योजनांतून उरलेली माणसं एका रंगाच्या सदऱ्यात उभी होती. रुन्याइचने मागितलेली, इस्माइकने धाडलेली, परेरांनी आणलेली आणि अकादमीतून आपोआप उगवलेली.

२१ मे, शेवटचा सामना हाइडेनहाइमला. साठ १-२ ने हरला. एकूण गुण ३६. बिलेफेल्डचे झाले ३७. एका गुणाने सोळावी जागा आणि पुन्हा पात्रता लढत.

समोर होता बव्हेरियातलाच यान रेगेन्सबुर्ग, जो वर्षभरापूर्वी चौथ्या पातळीवर खेळत होता. पहिला सामना २६ मे रोजी रेगेन्सबुर्गमध्ये १-१. साठचा गोल नॉयहाउसचा. बरोबरीत परक्या मैदानावरचा गोल मोलाचा ठरणार होता, म्हणजे घरच्या मैदानावर गोलशून्य बरोबरी जरी राखली असती तरी जमलं असतं.

३० मे रोजी अलियान्झ अरेनात ६२ हजार लोक आले. मोसमभर रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या त्या संध्याकाळी भरल्या. रेगेन्सबुर्गने मध्यंतरापूर्वीच दोन गोल केले, कोल्या पुश आणि मार्क लाइस. हाइको हेरलिख यांचा तो संघ शांतपणे, आखून दिलेलं काम केल्यासारखा खेळला. सामना संपायला दहाएक मिनिटं उरली असताना उत्तरेकडच्या कट्ट्यावरून खुर्च्या आणि लोखंडी दांडे मैदानात येऊन पडू लागले. खेळ पंधराएक मिनिटं थांबला. शिरस्त्राणं घातलेले पोलीस गोलमागे रांगेत उभे राहिले. त्या खुर्च्यांचे मालक बायर्न होते, ही गोष्ट फेकणाऱ्यांच्या मनात नसेलच असं नाही. पण त्या येऊन पडत होत्या ते आपल्याच मैदानावर, आपल्याच खेळाडूंसमोर. याचं समर्थन होऊ शकत नाही.

त्याच दिवशी अध्यक्ष पेटर कासालेटे आणि मुख्याधिकारी एअर, दोघांचेही राजीनामे आले. मैदानावर फक्त एक पायरी घसरली होती. तिसऱ्या विभागात खेळायलाही परवाना लागतो आणि त्यासाठी शुक्रवार, २ जून, दुपारी साडेतीनपर्यंत एक कोटी युरोहून अधिक रकमेची तजवीज दाखवायची होती. इस्माइकला क्लबच्या कारभारात मूलभूत बदल हवे होते. सदस्यांचा क्लब त्याला राजी झाला नाही. साडेतीन वाजले. पैसे आले नाहीत. साठ चौथ्या पातळीवरच्या बव्हेरियन प्रादेशिक लीगमध्ये गेला.

सगळं खापर इस्माइकवर फोडणं म्युनिकमध्ये सोपं झालं आणि त्याला कारणंही आहेत. पण ज्या क्लबने २००६ मध्ये आपलं छप्पर वैऱ्याला विकलं आणि २०११ मध्ये पाया परक्याला विकला, त्याने २०१७ मध्ये भिंती कोसळल्या म्हणून आश्चर्य करावं, हे काही पटत नाही. ‘५० अधिक १’ नियमालाही दोष देणारे आहेत. मला तो नियम शहाणपणाचा वाटतो. तो नसता तर २ जूनच्या दुपारी क्लबकडे नाही म्हणायचाही हक्क उरला नसता.

एक हिशेब मात्र त्या गोंधळात कुणी मांडला नाही. मुख्य संघ चौथ्या पातळीवर आल्यामुळे त्याच लीगमध्ये खेळणाऱ्या राखीव संघाला नियमानुसार पाचव्या पातळीवर उतरावं लागलं. तो बिएरोफ्काचा संघ होता आणि त्याने नुकताच आपला मोसम दिमाखात पूर्ण केला होता. साऱ्या क्लबमध्ये ज्यांचं त्या वर्षी काहीच चुकलं नव्हतं, त्या पोरांनाही शिक्षा झाली.

बहुतेक मोठी नावं पांगली. ओर्टेगा बिलेफेल्डला गेला आणि तिथून पुढे थेट मँचेस्टर सिटीत. नॉयहाउस म्योन्शेनग्लाडबाखला गेला आणि २०२० मध्ये जर्मनीकडून खेळला. परेरांनी २०१८ मध्ये शांघायच्या संघाला चीनचं विजेतेपद मिळवून दिलं. शिखर त्यांना सापडलं, फक्त वेगळ्या देशात. साशा म्योल्डर्स मात्र राहिला. पोट थोडं सुटलेला, तिशी ओलांडलेला हा आघाडीवीर गावोगावच्या मैदानांवर खेळायला तयार झाला आणि गीसिंगचा लाडका झाला.

बिएरोफ्का मुख्य प्रशिक्षक झाला. अरेनाचा भाडेकरार संपवला आणि संघ गीसिंगमधल्या जुन्या ग्रुनवाल्डर स्टेडियमवर परतला. तेव्हा जागा १२ हजार ५०० आणि सामन्यागणिक भरलेल्या. तिथेच २७ मे २०१८ रोजी पात्रता लढतीच्या दुसऱ्या सामन्यात झारब्र्युकेनशी २-२ बरोबरी साधून साठने तिसऱ्या विभागात पाऊल टाकलं. लोक मैदानात धावत आले, या वेळी खुर्च्या न उचलता. त्या दिवसापासून गीसिंगमध्ये म्हणतात, सिंह घरी आले. फक्त ते स्टेडियम क्लबने दुसऱ्या महायुद्धाआधीच विकलेलं आहे. मालकी म्युनिक महापालिकेची. साठ तिथेही भाडं भरतो.