जुन्या गेमिंग लॅपटॉपचा नेमका कुठला भाग थकतो?

१९९१ साली पुण्यात सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. ट्रान्सप्युटर नावाच्या चौसष्ट चिपा एकत्र जोडून तो सेकंदाला कमाल शंभर कोटींच्या आसपास आकडेमोडी करायचा, आणि त्या बातमीने देशाची मान उंचावली होती. आता २०१९-२० साली घेतलेला, कोथरूड-धायरीच्या कुठल्याही घरात सापडेल असा एक गेमिंग लॅपटॉप घ्या. त्यातली ‘जीटीएक्स १६५०’ ही ग्राफिक्स चिप सेकंदाला जवळपास तीन लाख कोटी आकडेमोडी करू शकते. दोन्हींच्या गणिताची अचूकता एका तोलाची नाही. पण तो फरक वजा केला तरी पारडं चिपकडेच झुकतं, आणि तेही भरपूर.

इतकी ताकद मांडीवर मावते, हेच मुळात थक्क करणारं आहे. तरीही काही वर्षांत तो लॅपटॉप ‘जुना झाला’ म्हणून बाजूला पडतो. गेम उघडायला मिनिटं लागतात, ऐन लढाईत चित्र अडखळतं, पंखा घरभर घोंघावतो. गंमत अशी, की आतलं सिलिकॉन फारसं म्हातारं झालेलंच नसतं. पहिल्या दिवशी ते जितकं गणित करायचं तितकंच आजही करू शकतं. फक्त ते कुणासाठी तरी थांबून राहिलेलं असतं. ते कुणासाठी खोळंबलंय, हे ओळखणं म्हणजेच अपग्रेड. पैसे त्यानंतर काढायचे.

ओळखायला खर्च नाही. नेहमीचा गेम अर्धा तास खेळा आणि बाजूला टास्क मॅनेजर आणि तापमान दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर उघडं ठेवा. ग्राफिक्स चिप सतत ९५ ते १०० टक्के कामात असेल, तर ती आपला पूर्ण जोर लावते आहे. मग गेमच्या सेटिंग्ज उतरवणं हाच उपाय, कुठलीही खरेदी फ्रेम वाढवणार नाही. ती ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर अडसर डिस्कचा. रॅम काठोकाठ भरली असेल, तर रॅमचा. आणि तापमान ९५ अंशांच्या वर जाऊन प्रोसेसरचा वेग खाली येत असेल, तर अडसर उष्णतेचा.

यातली उष्णतेची गोष्ट सर्वांत सुंदर आहे. लॅपटॉप बंद करून मागचं झाकण काढलं आणि आधी बॅटरीची पिन सोडवली, की तांब्याच्या चपट्या नळ्या दिसतात. सीपीयू आणि ग्राफिक्स चिपवरून निघून त्या पंख्याजवळच्या बारीक पात्यांपर्यंत गेलेल्या असतात. पाहताना भरीव पट्टी वाटते, पण त्या आतून पोकळ असतात. हवा काढून टाकून आत अगदी थोडं पाणी घालून त्यांची तोंडं कायमची बंद केलेली असतात. आत हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी शंभर अंशांची वाट पाहत नाही, त्याच्या कितीतरी आधीच उकळतं. चिपकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि बरोबर आणलेली उष्णता सोडून देते. नळीच्या आतल्या अंगाला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. समईच्या वातीत तेल चढावं तसं ते पाणी त्या थरातून परत चिपकडे सरकतं. ना पंप, ना वीज. पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता तेच पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटींहून जास्त असते, म्हणूनच थेंबभर पाणी एवढा भार वाहू शकतं. आपण खेळत असतो तेवढा वेळ हा मूक पाऊस तळहाताखाली चालू असतो.

ही नळी सहसा बिघडत नाही. बिघडतात तिची दोन टोकं. एका टोकाला चिप आणि तांबं यांच्यामध्ये थर्मल पेस्ट असते. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे दिसले तरी सूक्ष्म खाचाखळग्यांनी भरलेले असतात, आणि खळग्यांत हवा बसते. चांगल्या पेस्टच्या मानाने हवा उष्णता वाहून नेण्यात सुमारे तीनशे पटींनी मागे आहे. वर्षानुवर्षं तापून-निवून पेस्ट सुकते, कडेला सरकते आणि तिची जागा हवा घेते. दुसऱ्या टोकाला पंखा आणि पाती यांच्यामध्ये धूळ साठून अक्षरशः नमद्यासारखा राखाडी थर जमतो. चिमटीत धरून ओढला तर तो सलग पट्टीसारखा बाहेर येतो.

त्यात आपला एप्रिल. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत घेतो, त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली तर चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. जानेवारीत सुरळीत चालणारा गेम पारा चाळिशीला टेकला की अडखळतो, त्याचं कारण हे. चिप जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवते. अशा वेळी पाती साफ करणं आणि पेस्ट बदलणं याइतका कमी खर्चात एवढा फरक पाडणारा दुसरा उपाय नाही. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, गरगर फिरू देऊ नये. हात धजत नसेल तर जाणत्या कारागिराकडून करून घ्यावं.

दुसरा अडसर डिस्कचा. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क असे. म्हणजे सेकंदाला नव्वद फेऱ्या. ऐकायला हा वेग अफाट वाटतो. पण हवी ती माहिती वाचकाट्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि त्याआधी काटा योग्य जागी सरकायला लागणारा वेळ, असं धरलं तर एका वाचनाला साधारण पंधरा हजारांश सेकंद जातात. तेवढ्या वेळात चार गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सहा कोटी ठोके मोजतो! गेमचा नवा भाग उघडताना अशी हजारो वाचनं लागतात.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. तिथे माहिती म्हणजे वीजरोधक थरात कोंडलेले इलेक्ट्रॉन. तिथलं वाचन एका हजारांश सेकंदाच्याही छोट्या अंशात उरकतं. अजून हार्ड डिस्कवर चालणाऱ्या लॅपटॉपला म्हणूनच पहिली खरेदी एसएसडीची. एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या: एसएसडीने गेम लवकर उघडेल, मध्येच येणारे काही झटके जातील, पण सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम सहसा वाढणार नाहीत. विकत घेण्याआधी आपल्या मॉडेलचा एम.२ स्लॉट एनव्हीएमई स्वीकारतो की फक्त साटा, एवढं पाहून घ्यावं.

तिसरी रॅम. कंपनीकडून बहुतेक वेळा ८ जीबीची एकच स्टिक येते. डीडीआर४ २६६६ ची एक स्टिक सेकंदाला सुमारे २१ जीबी माहिती पोचवू शकते. शेजारच्या रिकाम्या खाचेत तिची जोड बसवली की प्रोसेसर दोघींशी एकाच वेळी बोलतो आणि ही क्षमता बेचाळीसच्या पुढे जाते. जागा दुप्पट, रस्ताही दुप्पट. या वयाच्या लॅपटॉपला १६ जीबी पुष्कळ झाली. तपकीर गल्लीतल्या किंवा सदाशिव पेठेतल्या दुकानात पाऊल टाकण्याआधी जुन्या स्टिकच्या लेबलचा फोटो काढून न्या. डीडीआर किती, बस किती, हेच तिथे आधी विचारतात. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चढले आहेत, त्यामुळे रॅम खरंच भरते आहे का हे पाहूनच पैसे घाला.

आणि फुगलेली बॅटरी या सगळ्यांच्या आधी. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण फाकलं, तर लॅपटॉप चार्ज करणं थांबवा, बॅटरी बदला आणि जुनी ई-कचऱ्यातच द्या.

आता जे बदलता येत नाही ते. गेमिंग लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप आणि तिची ४ जीबी मेमरी जवळपास नेहमीच बोर्डावर पक्की झाळलेली असते. साधारण २०१५ नंतरच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरही तसाच. चिपेच्या पोटाखाली कथलाच्या शेकडो बारीक गोळ्या असतात आणि त्यांतली प्रत्येक गोळी म्हणजे एक जोड. लॅपटॉप इतका सडपातळ झाला तो या जोडणीमुळे, आणि त्याची मर्यादाही तिथेच ठरली.

मर्यादा ओळखून उरलेलं नवं करायचं, याचं देखणं उदाहरण पुण्यापासून साधारण ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला उभं आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या नव्वदच्या दशकात उभ्या राहिल्या. पुढे दुर्बिणीचं अपग्रेड झालं तेव्हा तबकड्या होत्या तिथेच राहिल्या. त्या लाटा उत्तम गोळा करतच होत्या, अडसर त्यांच्या मागे होता. तेव्हा संदेश टिपणारी यंत्रणा आणि तो हिशेबात मांडणारी संगणकांची फळी नवी केली. दुर्बीण पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा पाहायची, आता ती ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत पाहते. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचे संदेश एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. ते अवाढव्य गणित तिथे ग्राफिक्स प्रोसेसरच करतात, आपल्या लॅपटॉपमधल्या चिपेचे थोरले भाऊबंद!

खोडदला झाला तोच विचार टेबलावरच्या यंत्रालाही लागू पडतो. फक्त त्याच्या आयुष्याची दोरी किती लांब आहे, हेही पाहायला हवं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे घ्यायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हरही आता मिळत नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात. लॅपटॉप या रेषेपेक्षा जुना असेल, तर सफाई, पेस्ट आणि दुसऱ्या यंत्रातही वापरता येईल अशी एसएसडी, इथे थांबावं. रेषेपेक्षा नवा असेल, तर रॅमची जोडही जरूर बसवावी आणि आणखी काही वर्षं मनसोक्त खेळावं. दोन्ही वेळा क्रम मात्र एकच: आधी मोजायचं, मग साफ करायचं आणि खरेदी सगळ्यांत शेवटी.