दाद्रा व नगरहवेली मुक्तिसंग्राम
तलासरी तालुक्याच्या (पालघर जिल्हा) सीमेलगतच्या पोर्तुगीज वसाहतीत १९५४ मध्ये झालेला लढा. वसाहती साम्राज्यसत्तेपासून का विलग होतात, याची कारणे त्यात स्पष्ट दिसतात. परकी राजवटीविषयीचा असंतोष हे मूळ कारण होय. तथापि केवळ असंतोषाने सत्ता ढळत नाही. त्यासाठी जनतेची संघटना उभी राहावी लागते व सत्तेची कुमक तुटावी लागते.

पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेल्या तहान्वये पोर्तुगीजांना येथील गावांच्या महसुलाचा हक्क मिळाला. पुढे ते येथील सत्ताधीश बनले. सीमेच्या दोन्ही बाजूंस वारली समाजाची वस्ती आहे. डहाणू-तलासरी भागातील वारल्यांनी मे १९४५ मध्ये झरी येथील परिषदेत वेठबिगार नाकारण्याचा निर्धार केला. गोदावरी परुळेकर या चळवळीच्या प्रमुख नेत्या होत्या. नगरहवेलीच्या लढ्यात गोमंतकीय संघटनांच्या स्वयंसेवकांबरोबर वारलीही सहभागी झाले. दमणहून येथे येण्यासाठी भारतीय प्रदेश ओलांडावा लागे. जुलै १९५४ मध्ये भारताने तो मार्ग बंद केला. २२ जुलै रोजी दाद्रा व २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. भारतीय प्रदेशातून सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला नव्हता, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० मध्ये दिला.

मुक्तीनंतर वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने प्रदेश भारतात विलीन झाला. जमीनधारणेतील सुधारणांचा विनियम मात्र १९७१ मध्ये झाला. परकी सत्तेचा अंत व कसणाऱ्याची मुक्ती या भिन्न गोष्टी असल्याचे यावरून दिसून येते.