वेडी बाभूळ : पाहुणी कीं यजमानीण ?

वृक्षारोपण हें पुण्यकर्म होय, ही समजूत आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, व ती खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु कोणत्या भूमींत कोणता वृक्ष लावावा, हा विवेक सुटला म्हणजे सत्कर्माच्या पोटींही केवढा अनर्थ उद्भवतो, याचें ढळढळीत उदाहरण कच्छांत पाहावयास मिळतें. तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

जिला आपल्याकडे वेडी बाभूळ व गुजराथेंत 'गांडो बावळ' म्हणतात, तिचें माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका व वेस्ट इंडीज बेटें हें होय. प्रोसोपिस जुलिफ्लोरा हें तिचें शास्त्रीय नांव. सन १८७७ च्या सुमारास मद्रास इलाख्याच्या जंगलखात्यानें जमैकाहून तिचें बीं आणवून कडप्पा जिल्ह्यांत तिची लागवड केली. जेथें पाऊस थोडा व माती निकस, तेथें गोरगरिबांस निदान जळण तरी मिळावें, हा त्यांतील हेतु. हेतु चांगला होता, आणि झाडानेंही आपलें वचन पाळलें !

भुजच्या उत्तरेस, कच्छचें मोठें रण लागण्यापूर्वीं, बन्नी नांवाचा सुमारें २५०० चौरस किलोमीटरांचा गवताळ प्रदेश आहे. तेथील मालधारी लोकांचा सारा संसार गाईम्हशींवर चालतो. रणाचा खारेपणा पुढें सरकतो आहे, त्यास बांध घालावा म्हणून सन १९६१ पासून वनखात्यानें या प्रदेशांत सुमारें ३१,५५० हेक्टरांवर वेडी बाभूळ लाविली. पुढें मात्र ती लावावी लागली नाहीं. ती आपोआपच पसरली, व आज बन्नीचा फार मोठा भाग तिनें व्यापिला आहे.

हें घडलें कसें ? तिचा पाला गुरें सहसा तोंडांत धरीत नाहींत, म्हणून रोप जगतें. शेंगा मात्र गोड. त्या गुरें आवडीनें खातात. आंतील बीं इतकें टणक कीं, पोटांतून तें बहुधा अभंग बाहेर पडतें व शेणाचें खत घेऊनच रुजतें. म्हणजे ज्यांचें कुरण जावयाचें, तींच गुरें पेरणी करितात ! वरून तोडावी तर बुंध्यापासून दहा धुमारे फुटतात. तिच्या दाट सांवलींत गवत उगवेनासें होतें. गवत आटल्यावर गुरें शेंगांवरच पोट भरूं लागतात; पण केवळ शेंगा खाणें कांकरेजी गाईंस मानवत नाहीं. म्हशी त्या मानानें तग धरतात. म्हणून पूर्वीं गाईंकरितां प्रसिद्ध असलेल्या बन्नींत आतां म्हशींचाच भरणा झाला आहे.

तथापि या झाडास केवळ विषवल्ली म्हणणें अन्यायाचें होईल. त्याच्या लांकडाचा कोळसा उत्तम होतो, फुलांवर मधमाशा येतात, आणि बियांसकट दळलेल्या शेंगा हें चांगलें पशुखाद्य आहे. सन २००४ मध्यें सरकारनें कोळशास परवानगी दिली, तेव्हां अनेक कुटुंबांस रोजगार मिळाला. सन २००८ मध्यें ती पुनः बंद झाली. तात्पर्य, एकाचें कुरण ज्यानें बुडविलें, त्याच झाडावर दुसऱ्याची चूल पेटते. 'तोडा' म्हणणाऱ्यानें त्या चुलीचाही विचार केला पाहिजे. मात्र बाभूळ मुळासकट काढून जमिनीस विसांवा दिला असतां, पावसाळ्यानंतर गवत पुनः वर येतें, असा तेथील अनुभव आहे.

आमच्या मतें या सर्व प्रकरणाचें मूळ एका शब्दांत आहे. तो शब्द 'ओसाड'! जेथें झाडें नाहींत ती जमीन ओसाड, असें आपण सहज समजतों. वस्तुतः गवत हीच त्या भूमीची संपत्ति असते. आपल्या सोलापूर-नगरकडील माळरानें घ्या. धनगरांचीं मेंढरें, काळवीट व आतां अत्यंत विरळ झालेला माळढोक, हीं सारीं त्याच उघड्या माळाचीं लेंकरें. तेथेंही वेडी बाभूळ पोंचलीच आहे.

सन १९५० पासून आपल्या देशांत वनमहोत्सव साजरा होतो. घरांतील मुलें त्या वेळीं हातांत रोप घेऊन निघालीं, कीं वडिलांनीं त्यांस दोनच प्रश्न पुसावे : हें झाड कोठलें ? आणि तुम्ही खड्डा खणणार, तेथें आज काय उगवतें ? हीं उत्तरें मिळाल्यावर मग खुशाल कुदळ मारावी.