उभ्या गाडीला वारा कुठला?

स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनावर ज्या पातळ पट्ट्या दिसतात, त्या फिन्स अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, कारण बिडापेक्षा हा धातू उष्णता दोन-तीन पट चांगली वाहून नेतो. ती पुढे उचलून न्यायला मात्र वारा लागतो आणि सिग्नलला उभ्या गाडीला तो मिळत नाही. मिनिटभर थांबायचं असेल तर इंजिन सरळ बंद करा. पावसाळ्यात फिन्सच्या फटींत चिखल वाळून बसतो. जुन्या टूथब्रशने तो खरवडा, पण तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारू नका, धातूला तडा जाऊ शकतो. सर्वांत जास्त हेळसांड होते ती ऑइलची. पिस्टनची बरीच उष्णता तेच वाहून नेतं. ऑइल कमी असताना घाटात वरच्या गिअरमध्ये रेटलेलं इंजिन आधी ताकद सोडतं, मग पिस्टन जाम होतो.