उपचार अर्ध्यावर सुटू नयेत म्हणून

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. त्यातल्या ‘अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ या प्रकाराचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. सुरुवातीचे महिने केमोथेरपीचे, वारंवार भरती होण्याचे. पुढे ‘मेंटेनन्स’चा लांब टप्पा, त्यात मूल बहुतेक काळ घरीच राहून गोळ्या घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जाते. निदानाला उशीर आणि औषधांची टंचाई ही कारणे आहेतच, पण बरे होऊ शकणाऱ्या मुलाचे उपचार मध्येच सुटणे हे सर्वांत चटका लावणारे कारण.

आईबापांच्या धैर्याचे कौतुक खूप होते. ते धैर्य कशाच्या आधारावर टिकते, याची चौकशी कमी होते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतची कुटुंबे येतात. आई मुलापाशी, वडिलांची मजुरी बुडालेली, धाकटे भावंड गावी आजीकडे. सरकारी योजनेतून औषधांचा खर्च निघाला, तरी मुंबईत राहायचे कुठे आणि खायचे काय, हे प्रश्न उरतातच. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, तेव्हा साधा तापही जिवावर बेतू शकतो. अशा मुलाला फुटपाथवर किंवा दाटीवाटीच्या खोलीत ठेवणे धोक्याचे. म्हणजे स्वच्छ खोली, उकळलेले पाणी आणि घरचे ताजे जेवण हा उपचारांचाच भाग ठरतो.

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना अनेक वर्षे आसरा देत आली आहे. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ ही संस्था खास मुलांच्या कुटुंबांसाठी मोफत निवास देते. तिथे शिधा मिळतो आणि आई स्वतः स्वयंपाक करते. या सोयीचा आणखी एक फायदा असा, की शेजारच्या खोलीतली, सहा महिने आधी आलेली आई जे सांगते ते पटकन पटते. केस गळाले तरी पुन्हा येतात, हे डॉक्टरही सांगतातच; पण त्या आईकडून ऐकले की विश्वास बसतो.

टाटा रुग्णालयात एकेकाळी साधारण पाचांतल्या एका मुलाचे उपचार सुरूच होत नसत किंवा अर्धवट सुटत. २०१० नंतर ‘इम्पॅक्ट’ या उपक्रमातून निवास, पोषण, समुपदेशन आणि आर्थिक मदत एकत्र आणली गेली, तारीख चुकवणाऱ्या कुटुंबांचा पाठपुरावा सुरू झाला, आणि हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. औषधे बहुतांशी तीच होती.

मुलाला आजाराबद्दल किती सांगावे, हा प्रश्न घरोघरी अडतो. वयाला झेपेल एवढे खरे सांगावे, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो; लपवाछपवी मुलांच्या लक्षात येतेच. गावी राहिलेल्या भावंडालाही आपल्यामुळे हा आजार झाला नाही आणि तो संसर्गजन्य नाही, हे सांगावे लागते.

उपचार संपल्यावरही तपासणी सुटत नाही. टाटा रुग्णालयात त्यासाठी १९९१ पासून वेगळे क्लिनिक आहे. काही औषधांचा हृदयावरचा परिणाम अनेक वर्षांनी दिसू शकतो, म्हणून दिलेल्या मात्रांची नोंद असलेली फाइल जपावी लागते. मुलीची सोयरीक जमवताना घरच्यांना ती लपवावीशी वाटते, आणि पुढे तिच्या बाळंतपणात डॉक्टरांना नेमकी तीच हवी असते.