घरं बांधणाऱ्यांचा सन्मान

पापडी भागात इमारतींमध्ये टिकून असलेलं कौलारू घर दिसलं की मी थांबतोच. खोल ओटा, उतरतं छप्पर! साध्या घरांच्या रचनेलाही मोठे सन्मान मिळतात, आणि निवड समितीत वास्तुरचनाकारही असतात. वास्तुरचनेसाठीच्या आगा खान पुरस्कारात तर तज्ज्ञ जागेवर जाऊन बांधकाम तपासतात, मगच निवड होते.

१९९५ साली तो पुरस्कार इंदूरच्या 'अरण्य' वसाहतीला मिळाला. रचनाकार पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे.जे. वास्तुकला महाविद्यालयात शिकलेले बाळकृष्ण दोशी. गरीब कुटुंबांना जोतं, संडास-मोरी तयार. बाकीच्या खोल्या ऐपतीप्रमाणे ज्याने त्याने वाढवायच्या. मला हे फार मोलाचं वाटतं. दोशींना २०१८ मध्ये वास्तुरचनेचा प्रित्झकर पुरस्कारही मिळाला, तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय.