स्टेंटनंतरचा पुनर्संकोच आणि जनुकांची साक्ष

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या सुमारे 3 मिलिमीटर रुंदीच्या धमनीचा व्यास निम्मा झाला, की रक्ताला वाहण्यासाठी उरणारे क्षेत्र मूळच्या चौथ्या हिश्श्यावर येते, आणि स्टेंट बसवल्यानंतर होणाऱ्या पुनर्संकोचाची, म्हणजेच रेस्टेनोसिसची, रूढ व्याख्या याच निम्म्या व्यासावर आधारलेली आहे. 1977 मध्ये आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी झुरिक येथे फुग्याच्या साहाय्याने हृदयधमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली आणि 1986 मध्ये धमनीत धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, बसवली जाऊ लागली; तरीही साध्या धातूच्या स्टेंटनंतर साधारणपणे चार-पाच रुग्णांपैकी एकाची धमनी पुन्हा भरून येत असे. मधुमेह, धमनीची रुंदी, स्टेंटची लांबी ही कारणे ठाऊक होती, परंतु ती सारखी असलेल्या रुग्णांतही फरक पडत असल्याने संशोधकांची नजर जनुकांकडे वळली.

जाळीच्या तारा भिंतीत रुतताना धमनीचे आतले नाजूक अस्तर खरवडले जाते, उघड्या पडलेल्या जागी रक्तबिंबिका चिकटतात, दाह सुरू होतो, आणि भिंतीच्या मधल्या थरातील स्नायुपेशी आतल्या बाजूला सरकून तेथे विभागू लागतात. जखम भरून येण्याचीच ही क्रिया असते. ती वेळेवर थांबली नाही, तर पुढील काही महिन्यांत जाळीच्या आत नव्या ऊतीचा जाड थर साचतो.

या क्रियेतील पहिला संशयित ठरला तो रक्तदाब नियंत्रित करणाऱ्या एसीई या वितंचकाचा जनुक. या जनुकात 287 अक्षरांचा एक तुकडा काहींमध्ये असतो, काहींमध्ये नसतो, आणि आईवडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत तो नसेल, तर रक्तातील वितंचकाचे प्रमाण वाढलेले आढळते. 1997 मध्ये 146 रुग्णांच्या एका फ्रेंच अभ्यासात अशा व्यक्तींमध्ये पुनर्संकोच अधिक दिसला. 2000 मध्ये म्युनिक येथे 1850 रुग्ण तपासले गेले, तेव्हा मात्र हा संबंध आढळला नाही. त्याहून बोलकी गोष्ट पॅरिस नावाच्या चाचणीत घडली: ज्यांच्यात हा तुकडा नव्हता, त्यांना वितंचक रोखणारे क्विनाप्रिल दिले असता धमनी मोकळी राहण्याऐवजी अधिकच अरुंद झाली. लहान अभ्यासात योगायोगाने आलेला मोठा आकडा नियमासारखा भासतो, आणि या विषयाचा बराच इतिहास अशा भासांनी भरलेला आहे.

नेदरलँड्समधील जेंडर प्रकल्पाने 3104 रुग्णांचा पाठपुरावा करून हा गोंधळ काहीसा निस्तरला, मात्र त्यात मोजमाप झाले ते त्याच धमनीवर पुन्हा उपचार करावे लागले की नाही याचे. प्रत्येकाची धमनी अँजिओग्राफीने पुन्हा तपासून नव्हे. दाहाशी निगडित अनेक जनुकांनी येथे हजेरी लावली, परंतु सर्वांत अर्थपूर्ण साक्ष दिली ती पी27 या प्रथिनाच्या जनुकाने. पी27 पेशीला विभाजनापासून रोखते. त्याची निर्मिती किती व्हावी हे ठरवणाऱ्या भागातील एक अक्षर बदललेले आणि तो बदल दोन्ही प्रतींत असलेल्या रुग्णांत पुनर्संकोच कमी आढळला.

ही साक्ष विश्वसनीय वाटण्यामागे आणखी एक कारण आहे. 1964 च्या मोहिमेत रापा नुई बेटावरून आणलेल्या मातीतील जीवाणूपासून सुरेंद्रनाथ सहगल यांच्या गटाने वेगळे केलेले सिरोलिमस पेशीतील पी27 टिकवून धरते, आणि हेच औषध पुढे स्टेंटवर लेपले गेले. औषधाचा तो एकमेव मार्ग नसला, तरी जनुकाने दाखवलेली आणि औषधाने गाठलेली जागा एकच होती, हा दुवा महत्त्वाचा ठरतो.

औषधलेपित स्टेंटमुळे पुनर्संकोचाचे प्रमाण बहुतेक रुग्णगटांत दहा टक्क्यांखाली आले आणि वरचे बरेचसे जनुकीय निष्कर्ष साध्या धातूच्या काळातले ठरले. स्टेंट बसवण्यापूर्वी जनुकचाचणी करण्याची प्रथा म्हणूनच रुजली नाही. गुठळी रोखणारे क्लोपिडोग्रेल हे औषध शरीरात किती कार्यक्षम ठरेल हे सांगणारी सीवायपी2सी19 या जनुकाची चाचणी रुग्णांच्या कानावर येते, पण तिचा संबंध स्टेंटमध्ये गुठळी होण्याशी आहे, ऊती वाढण्याशी नव्हे. पुनर्संकोच झालाच, तर हृदयरोगतज्ज्ञ आधी धमनीच्या आतून चित्रण करून जाळी पुरेशी फुगली होती का, तिची एखादी तार तुटली का, हे पाहतात.